मरणाऱ्याने हसलंच पाहिजे का?



स्मृतिव्याख्यानात सिनेमा कुठून आला, असं तुमच्यापैकी काहींना निमंत्रणपत्रिका वाचताना वाटलं असेल. पण मी ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, तो सुरूच होतो एका सभेत. व्यासपीठ आहे, समोर श्रोते आहेत. एका डॉक्टरला त्याच्या पुस्तकासाठी पुरस्कार दिला जातोय. ते पुस्तक त्याच्या एका मित्राबद्दल आहे, आणि तो मित्र आता या जगात नाही. म्हणजे नायक मरणार हे पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला कळतं. शेवट आधी सांगून टाकायचा आणि तरीही पैसे देऊन आलेल्या माणसाला शेवटपर्यंत खुर्चीत बसवायचं! याला धाडस लागतं, आणि गोष्ट सांगण्यावर हुकूमतही लागते.

सिनेमाचं नाव तुम्ही ओळखलंच आहे. ‘आनंद’, १९७१. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, म्हणजे बिमल रॉय यांच्या तालमीत तयार झालेला संकलक. संवाद गुलजारांचे, संगीत सलील चौधरींचं. आनंद सहगल झालाय राजेश खन्ना, तेव्हा त्याच्या लोकप्रियतेच्या शिखरावर. डॉ. भास्कर बॅनर्जी झालाय अमिताभ बच्चन, ‘जंजीर’ला अजून दोन वर्षं आहेत तेव्हाचा. आणि या बंगाली-पंजाबी गोष्टीत आपली माणसं किती आहेत बघा. डॉ. प्रकाश कुलकर्णी आणि त्याची बायको सुमन म्हणजे रमेश देव आणि सीमा देव, प्रत्यक्षातही नवरा-बायको. नर्सिंग होमची कडक मेट्रन डिसा म्हणजे ललिता पवार. भास्करचं पुढे जिच्याशी जुळतं त्या रेणूची आई दुर्गा खोटे. आणि हे सगळं कॅमेऱ्यात पकडणारे जयवंत पाठारे. सिनेमाच्या अर्पणपत्रिकेत दोन नावं आहेत, राज कपूर आणि मुंबई शहर. मरणाची गोष्ट एका शहराला अर्पण केलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटची लोकल गाठायची आहे त्यांची सोय होईल. ‘आनंद’नं आपल्याला दोन गोष्टी देऊ केल्या. पहिली, मरणाबद्दल उघड बोलणं. दुसरी, मरतानाही हसणं. पहिली आपण घेतलीच नाही. दुसरी मात्र आपण नको तितकी घेतली, आणि आजारी माणसाच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. माहीत कुणाला आहे?

आपल्याकडच्या आजारपणात हा प्रश्न औषधापेक्षा मोठा असतो. रिपोर्ट येतो. तो कोण उघडतो? मुलगा उघडतो, जावई उघडतो, शेजारचे जोशीकाका उघडतात. ज्याच्या पोटातली गाठ आहे, तो सोडून सगळे उघडतात. मग डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं जातं, ‘पेशंटला काही बोलू नका हं, ते खचतील.’ पेशंटला सांगायचं काय? अल्सर. सूज. जुना अपेंडिक्स. आणि पेशंट? तो ऐंशी वर्षांचा असला तरी त्याला कळतं. एरवी वर्षानुवर्षं न फिरकलेला पुतण्या अचानक सफरचंदं घेऊन येतो, तेव्हा कुणालाही कळतं. मग तोही न कळल्याचं सोंग घेतो, कारण घरच्यांना त्रास नको. एकाच खोलीत दोन नाटकं चालू राहतात, आणि दोन्हीकडचे कलाकार आपल्याला टाळ्या मिळतायत अशा समजात असतात.

हिंदी सिनेमानंही बराच काळ हेच नाटक केलं. ‘सफर’ १९७० सालचा. त्यातही राजेश खन्नाच आहे, त्यालाही असाध्य आजारच आहे, आणि त्यातला अविनाश आपला आजार जवळच्यांपासून लपवतो. लपवण्यातच त्याचं मोठेपण आहे, असं सिनेमा सांगतो. पुढच्याच वर्षी तोच नट ‘आनंद’मध्ये येतो आणि काय करतो? आपल्या रोगाचं नाव स्वतःच खणखणीत आवाजात सांगतो. लिंफोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाइन. वर त्या नावाची थट्टा करतो, केवढं भारदस्त नाव आहे म्हणून. डॉक्टर भास्करचा चेहरा पडतो. गुपित सांगायची जबाबदारी डॉक्टरची, आणि इथे पेशंटनंच ते टेबलावर आणून आपटलेलं!

या एका कृतीनं काय होतं ते बघा. गुपित गेलं की वेळ मोकळा होतो. लपवण्यात जी शक्ती जाते, ती वाचते. आनंद त्या सहा-एक महिन्यांत भास्कर आणि रेणूचं जुळवतो, मेट्रन डिसाचा मुलगा होतो, प्रकाशच्या घरात घरचाच होतो. हे सगळं शक्य होतं, कारण त्याच्याशी बोलताना कुणालाच शब्द तोलावे लागत नाहीत. निदान त्याच्याकडून तरी तशी मुभा असते.

योगायोग असा की याच सुमारास, १९६९ साली, एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं मरणाऱ्या माणसांबद्दलचं पुस्तक अमेरिकेत आलं. त्यांनी शिकागोच्या रुग्णालयात अगदी साधी गोष्ट केली होती. त्या मरणाऱ्या माणसांच्या शेजारी बसल्या आणि त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतंय? डॉक्टर मंडळींना ते आवडलं नव्हतं. हृषीदांनी ते पुस्तक वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांच्या अंतरानं, जगाच्या दोन टोकांना, एकच दार ठोठावलं जात होतं.

ते दार आपल्या घरात उघडलं का? पन्नासहून अधिक वर्षं झाली. टीव्हीवर ‘आनंद’ लागला की आपण रडतो, संवाद तोंडपाठ म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना सांगतो, ‘बाबांना काही बोलू नका.’

दुसरा मुद्दा. हसणं.

हा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण इथे मी एका लाडक्या माणसाबद्दल तक्रार करणार आहे. खरं तर त्याच्याबद्दल नव्हे, आपण त्याचं जे केलं त्याबद्दल.

आनंद हसतो. रस्त्यात अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारतो आणि ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो. ओळख काढायची ही त्याची युक्ती. पुढे जॉनी वॉकरचा ईसाभाई भेटतो आणि ती युक्ती त्याच्यावरच उलटवतो. सभागृहात हशा पिकतो. आपण घरी काय घेऊन जातो? असाध्य आजार झालेल्या माणसानं असं असावं, हा हिशेब.

आजची भाषा ऐका. ‘काय पॉझिटिव्ह आहेत हो!’, ‘कॅन्सरशी झुंज देतायत’, ‘केमो चालू आहे, पण चेहऱ्यावर दाखवत नाहीत.’ हे आपण कौतुकानं म्हणतो. पण त्या कौतुकातली अट ऐकू येते का? चेहऱ्यावर दाखवू नका. ज्याच्या तोंडात केमोमुळे फोड आलेत, ज्याला पाण्याचा घोट नकोसा झालाय, त्यानं भेटायला आलेल्या माणसाचं मन राखायचं. पाहुणा जाताना म्हणणार, ‘बरं वाटलं तुम्हाला बघून.’ बरं कुणाला वाटायला हवं होतं? आणि जो हसत नाही, जो चिडतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो, देवाला शिव्या घालतो, तो काय हरला? त्याचं मरण कमी प्रतीचं?

आता मूळ सिनेमा नीट बघू या. आनंदचं हसणं अखंड नाही. एका पुस्तकात त्यानं एक सुकलेलं फूल जपून ठेवलंय. जिच्यावर त्याचं प्रेम होतं तिचं लग्न दुसरीकडे झालंय, आणि हे तो सहसा कुणाला सांगत नाही. संध्याकाळ झाली की त्याच्या आवाजातली थट्टा मावळते आणि मुकेशचा सूर येतो. आपल्यानंतर या माणसांचं काय, ही काळजी त्याला पोखरते. म्हणजे हसणं हा आनंदचा स्वभाव असेल, पण ती त्याची मेहनतही आहे. इतरांना जड होऊ नये म्हणून केलेली मेहनत. हृषीदांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते दाखवलंही. आपण त्यातला पहिला अर्धा भाग पाठ केला आणि उरलेला विसरलो.

ही मेहनत आनंदनं स्वतःहून केली. ती दुसऱ्या कुणाकडून वसूल करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

तिसरा मुद्दा. पडद्यावर काय दिसत नाही?

आधी थोडं गमतीचं. सिनेमातल्या रोगांना नावं फार सुंदर असतात. हृषीदांचाच ‘मिली’ घ्या, १९७५ सालचा. जया भादुरीच्या मिलीला होतो पर्निशियस अॅनिमिया. नाव ऐकूनच धडकी भरते. पण या आजारावर यकृताच्या आहाराचा इलाज १९२६ सालीच सापडला होता, त्याबद्दल नोबेलही दिलं गेलं, आणि १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढल्यावर तो इंजेक्शनांनी आटोक्यात येणारा आजार झाला. मिली मात्र त्यासाठी विमानात बसून परदेशी जाते. आनंदचा लिंफोसार्कोमा खराखुरा दुर्धर होता. आज तो शब्द वैद्यकातून गेलाय, लिंफोमा म्हणतात, आणि त्याच्या अनेक प्रकारांवर उपचार होतात. बरेच रुग्ण पूर्ण बरेही होतात. आनंद आज आला असता तर कदाचित भास्करच्या मुलांच्या मुंजीला नाचला असता. असो.

गंभीर गोष्ट पुढे आहे. आनंदच्या मागे नातेवाईक नाहीत. बिल नाही. राहायला डॉक्टर मित्राचं घर, दिमतीला भास्करचा नोकर रघुकाका, तपासायला दोन डॉक्टर. आजार आहे, पण उलटी नाही, वास नाही, पाठीला झालेली जखम नाही. वेदनेची कळ येते आणि आपण पुढच्या दृश्यात जातो.

आणि हे सगळं घडतंय मुंबईत. त्याच मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे, १९४१ पासून. तिथे देशभरातून माणसं येतात. बिहारमधून, आसाममधून, आपल्या बीड-नांदेडहून. उपचार महिनोन्महिने चालतात, पण राहायचं कुठे? काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. ज्यांना कुठेच मिळत नाही ते हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात. स्टोव्ह, फाइल, एक्स-रेची मोठी पाकिटं आणि डोक्यावर टोपी घातलेलं लहान पोर. असाध्य आजारासह जगणं म्हणजे काय, हे मुंबईत तिथे दिसतं. दागिने मोडले जातात, गावाकडे जमिनीचा सौदा होतो, आणि धाकट्याची शाळा सुटते.

हृषीदांना ही मुंबई दिसली नव्हती का? दिसली होती. सिनेमाच्या सुरुवातीला भास्कर झोपडपट्टीत रोगी तपासतो आणि चरफडतो, की यांचा रोग भूक आहे आणि भुकेवर माझ्याकडे गोळी नाही. तिकडे प्रकाश श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर फी घेतो आणि त्या फीतून गरिबांना फुकट बघतो. काय जबरदस्त सुरुवात आहे! मग आनंद येतो, आणि ती झोपडपट्टी मागे पडते. ही माझी या सिनेमाबद्दलची एकमेव खरी तक्रार. तिचं उत्तर मला माहीत आहे. दोन तासांत एकच गोष्ट सांगता येते. तरी तक्रार आहे.

वेदनेचंही तेच. १९६७ मध्ये लंडनला सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं सांगणं असं, की मरणाऱ्या माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. पैशाची वेदना असते, घरच्यांच्या काळजीची असते, ‘मीच का’ या प्रश्नाचीही असते, आणि या सगळ्यांवर एकदम इलाज करावा लागतो. रोग बरा होणार नसेल तेव्हाही डॉक्टरला करण्यासारखं पुष्कळ असतं, हा तो विचार. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच निघालं, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ साली. म्हणजे ‘आनंद’नंतर पंधरा वर्षांनी. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू चांगला होता. पण मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके परवाने लागू लागले, की हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. ज्या देशात अफू पिकते, त्या देशातले कॅन्सरचे रोगी स्वस्तातल्या गोळीविना तळमळत राहिले. कायदा दुरुस्त व्हायला २०१४ साल उजाडलं. केरळनं मात्र वाट पाहिली नाही. तिथे कालिकतला १९९३ मध्ये हे काम सुरू झालं, पुढे डॉक्टर आणि गावातले स्वयंसेवक मिळून अशा रोग्यांच्या घरी जाऊ लागले, आणि २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं. आपल्या महाराष्ट्रात कीर्तनाला गाव जमतं, वारीला गाव जमतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला गाव का जमू नये?

आता चौथा आणि शेवटचा मुद्दा. ही गोष्ट कुणाची आहे?

नाव आनंदचं आहे. पण आवाज कुणाचा? सुरुवातीपासून बोलतो तो भास्कर. पुस्तक त्यानं लिहिलंय. बदलतो तोच. आनंद पहिल्या दृश्यात जसा असतो तसाच शेवटच्या दृश्यात असतो. भास्कर मात्र कडू, एकटा, विज्ञानावर भरवसा असलेला माणूस असतो, आणि हळूहळू त्याच्या पायाखालची जमीन सरकते. माझ्या मते हा सिनेमा मरणाऱ्याचा नाहीच, तो मागे राहणाऱ्याचा आहे.

शेवट आठवा. भास्कर आनंदजवळ नसतो. कुठे गेलेला असतो? होमिओपॅथीचं औषध आणायला! ज्याला आपल्या शास्त्रापलीकडे काही मान्य नव्हतं, तो डॉक्टर शेवटी पुड्यांच्या मागे धावतो. मेट्रन डिसा प्रार्थना करते, ईसाभाई दुवा मागतो, ज्याच्या त्याच्या देवाला साकडं घातलं जातं. भास्करचं साकडं म्हणजे ते औषध. आणि त्या धावपळीत शेवटचा क्षण हुकतो. तो परत येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. मग टेपरेकॉर्डर, मग त्यातून येणारा आनंदचा आवाज. त्या आवाजावर आपण इतके रडतो, की त्याआधीचा प्रश्न राहून जातो. भास्कर का गेला? कारण काहीतरी करत राहणं सोपं असतं. शेजारी नुसतं बसणं अवघड असतं. आपल्या घरोघरी हेच होतं. कुणी आयुर्वेदाचा पत्ता काढतं, कुणी कुठल्या बाबाचा अंगारा आणतं, कुणी पुण्याला रिपोर्ट पाठवतं. सगळे धावत असतात. खोलीत मात्र माणूस एकटा असतो.

अलीकडे, २०१९ मध्ये, शोनाली बोस यांचा ‘द स्काय इज पिंक’ आला. त्यात आजारी मुलगीच गोष्ट सांगते, पण सांगते आई-बापांची. उपचारासाठी लंडनमध्ये रेडिओवरून मदत मागणारा बाप त्यात आहे. आजारपणाखाली दबलेला संसार आहे, भांडणं आहेत. ‘आनंद’नं जे बाहेर ठेवलं होतं ते जवळजवळ पन्नास वर्षांनी पडद्यावर आलं. मला हा त्या जुन्या सिनेमाचा पुढचा भाग वाटतो.

थोडक्यात गोळाबेरीज करते. गुपित गेलं तर वेळ मिळतो, हे ‘आनंद’नं दाखवलं. हसण्यामागची मेहनतही दाखवली, पण आपण फक्त हसणं उचललं. पैसा, वेदना आणि फुटपाथ त्यानं वगळलं, ते आपल्याला स्वतः बघायला हवं. आणि मागे राहणाऱ्याचं दुःख त्यानं इतकं नेमकं पकडलं, की तेवढ्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते.

मग आज करायचं काय? एक काम कायद्यानं सोपं करून ठेवलंय. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम उपायांनी मला लांबवू नका, असं आधी लिहून ठेवता येतं. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. आधी त्यात न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण कागद लिहायच्या आधी घरात बोलावं लागतं. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा फ्लॅटच्या भावावर आपण दोन-दोन तास बोलतो. आई, तुला शेवटी घरी राहायला आवडेल की हॉस्पिटलात, हे विचारायला पाच मिनिटं लागतात. ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ असं ती म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारा.

आणि दुसरं काम कायद्याच्या हातात नाही, ते तुमच्या-माझ्या हातात आहे. पुढच्या वेळी कुणा आजारी माणसाला भेटायला जाल, तेव्हा ‘खंबीर राहा’ हे वाक्य घरी ठेवून जा. त्याला विचारा, त्रास काय होतोय, आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका. तो हसला तर तुम्हीही हसा. रडला तर अडवू नका. चिडला तर ते तुमच्यावर नाही, हे लक्षात ठेवा. आनंद मरताना हसला, ती त्याची मर्जी. इतरांना त्यांच्या मर्जीनं मरू देण्याइतके आपण मोठे होऊ या.